नाताळची बंद खोली

दार बाहेरून बंद झाल्याचा आवाज मी ऐकला, पण मनावर घेतला नाही. दोन्ही हातांत खोकी, ओठांत चिकटपट्टीचा तुकडा, आणि पायाखाली नाताळच्या गोठ्यातलं मातीचं मेंढरू आलेलं. त्याचा कान मोडू नये म्हणून मी एका पायावर उभी. अशा अवस्थेत बाईने कुठला कुठला आवाज मनावर घ्यायचा?

खोकी ठेवली, मेंढरू उचललं. कान गेलाच होता. मग दार ओढलं, तर ते हलेना. तेव्हा आठवलं की हात भरलेले होते म्हणून किल्ली बाहेरच्या बाजूला कुलपातच राहिली होती. एरवी मी ती आत घेते आणि आतून फिरवते. सात वर्षांत पहिल्यांदा विसरले, आणि विसरले तेही नेमकं आज.

"कोण आहे रे तिकडे? उघडा दार!"

बाहेर छोटी पावलं टपटप करत लांब गेली.

भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते. अकराला मला दातांच्या लॅबमध्ये पोचायचं होतं.

आता हे सांगायला हवं. थोरला पोटात येईपर्यंत मी दात करायचे. म्हणजे डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे यायचे, त्यावरून प्लास्टरचा साचा व्हायचा आणि त्या साच्यावर मी मेणाचा दात कोरायचे. पुढचं ओतकाम, पॉलिश दुसरे करायचे, पण मेण माझं. लोक माझ्या हातचे दात लावून हसत होते, भांडत होते, आणि त्यांना माझं नावसुद्धा माहीत नव्हतं. मला ते फार आवडायचं. मग थोरला झाला, मागून धाकटी झाली, आणि सात वर्षं मी फक्त त्यांचेच दात घासले. ह्या महिन्यात लॅबच्या साहेबांचा निरोप आला. एक खुर्ची रिकामी झालीय, चोवीसला अकरा वाजता या, एक दाढ कोरून दाखवा, हात राहिलाय का ते बघतो. आणखी दोघी येणार आहेत.

मी घरात सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चोवीसला? चोवीस डिसेंबरला कोणी घर सोडून जातं का गं?" मग लगेच, "जा बाई, जा. मी कोण अडवणारी?" हे त्यांचं वाक्य ऐकलं की माणसाचे पाय जागच्या जागी चिकटतात. नवरा म्हणाला, "आई आणि तू काय ते ठरवा, मला मध्ये घेऊ नका." नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं हाच त्याचा धंदा. बाहेरच्या माणसांना.

तरी सासूबाईंनी कबूल केलं होतं की सकाळी शिंप्याकडून पोरांचे कपडे घेऊन दहाच्या आत परत येते, मग तू जा. नऊला त्या निघाल्या. मी म्हटलं, तेवढ्यात खोलीतलं उरकून घेऊ.

तर ही खोली.

आमच्याकडे वीस तारखेपासून मागची खोली बंद. आत फक्त मी. झाड, गोठा, चमकीच्या माळा, भेटी, सगळं मी दार लावून करायचं. दाराखालच्या फटीतसुद्धा फडकं कोंबायचं, म्हणजे कोणाला काही दिसू नये. आत काय आहे ते कोणी कोणाला सांगायचं नाही. चोवीसला संध्याकाळी किल्ली लपवायची आणि पोरांनी ती गार-गरम करत शोधायची, लांब गेलं की गार, जवळ आलं की गरम. ज्याला सापडेल त्याचं एक मागणं घरातल्या सगळ्यांनी ऐकायचं, कारण न विचारता. सासूबाई आल्यागेल्याला कौतुकाने सांगतात, "आमच्याकडे ही पहिल्यापासूनची पद्धत."

पहिल्यापासूनची कसली डोंबलाची! ही पद्धत मी काढली. थोरला आठ महिन्यांचा होता, रात्रभर रडायचा, घरात पाहुणे, आणि मला एक तास झोप हवी होती. कोणाला सांगणार? मी म्हटलं, मी आत सजावट करते, कोणी यायचं नाही, नाताळचं गुपित आहे. दार लावलं आणि सतरंजीवर पसरले. तासाभराने उठून घाईघाईत दोन चमक्या टांगल्या. सगळ्यांनी इतकं कौतुक केलं की पुढच्या वर्षी परत करावं लागलं, त्याच्या पुढच्या वर्षी दुप्पट. किल्ली लपवायचं मीच काढलं, मागणंही मीच काढलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता त्या खोलीत झोप सोडा, पाठ टेकायला वेळ मिळत नाही.

"ठकी!" मी दारावर थाप मारली. धाकटी चार वर्षांची. नाव वेगळं आहे, पण सगळे ठकीच म्हणतात, आणि त्या दिवशी ते नाव तिने सार्थ केलं. "दार तू बंद केलंस?"

"नाही," ठकी म्हणाली. मग जरा थांबून, "हो."

"उघड मग राणी. आईला बाहेर जायचंय ना."

पावलं पुन्हा पळाली.

थोरल्याला हाक मारली. हा सहा वर्षांचा, ह्याला आम्ही वकीलसाहेब म्हणतो, कारण ह्याला सगळे नियम पाठ. वकीलसाहेब आले, त्यांनी पाहणी केली आणि जाहीर केलं, "आई, कुलपात किल्ली नाहीये. ठकीने लपवली."

"कुठे?"

"ते नाही सांगता येत. लपवणाऱ्याने सांगितलं तर नाताळ येत नाही. तूच म्हणालेलीस."

मीच म्हणाले होते, हे खरं. दोन वर्षांपूर्वी, गप्प बसावीत म्हणून.

खिडकीला गज. खाली मागचं अंगण, तिथे चिटपाखरू नाही. समोरच्या इमारतीत एक बाई खिडकी पुसत होत्या. मी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. त्यांनी फडकं खाली ठेवलं, दोन्ही हात वर करून तितक्याच जोरात मला हलवून दाखवले, लांबूनच ओठांनी "नाताळच्या शुभेच्छा" म्हणाल्या आणि पडदा ओढून घेतला. मला हसू आलं, आणि हसता हसता नजर घड्याळाकडे गेली. दहा वाजून गेले होते. सासूबाईंचा पत्ता नव्हता. त्यांचा फोन नेहमीप्रमाणे फ्रिजवर असणार, म्हणजे विचारायची सोय नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरात माझा फोन वाजला.

"वकीलसाहेब! घे फोन! घे आणि इथे आण!"

त्याने तिथेच घेतला. बंद दाराआड मी श्वास रोखून ऐकत होते.

"हॅलो. हो. मी त्यांचा मुलगा. आई खोलीत आहे... नाही, नाही येऊ शकत... ते नाही सांगता येत. खोलीत काय चाललंय ते बाहेरच्यांना सांगायचं नसतं... हो. बरं."

"कोण होतं?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"एक साहेब. म्हणाले, आईला सांग, आज लॅब लवकर बंद होणार, अकराच्या आत या. नाहीतर दुसऱ्या बाई आहेत." अगदी शहाण्यासारखा निरोप. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"अरे, आई कोंडलीय असं सांगायचं ना रे!"

"पण नियम..."

"चुलीत गेला तुझा नियम! बाबांना लाव. नंबर सांगते."

त्याने लावला. घंटी वाजत राहिली. नवरा लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की फोन खाली पिशवीत ठेवतो. तो नेहमी सांगतो, अडकलेल्या माणसाला तीनच गोष्टी सांगायच्या. घाबरू नका, दार ढकलू नका, कोणीतरी येतंय. मी तिन्ही स्वतःला सांगून पाहिल्या. तिसरी खोटी होती, आणि हे मला सात वर्षांपासून माहीत होतं. कोणी येत नसतं.

दहा वाजून पंचवीस मिनिटं. लॅब चालत पंधरा मिनिटांवर. मी दाराशी खाली बसले आणि गोड आवाज काढला.

"ठकी, गार-गरम खेळायचं?"

"हो!" लगेच दाराशी हजर. खेळ म्हटला की ठकी झोपेतूनही उठते.

"किल्ली फ्रिजमागे?"

"गार."

"आजीच्या चपलेत?"

"गार."

"पिठाच्या डब्यात?"

"गार गार गार." पोर खुदुखुदु हसत होतं. मी घड्याळाकडे बघत होते.

"दाराजवळ?"

हसणं थांबलं. "...गरम."

"तुझ्याजवळ?"

"गरम."

"तुझ्या गळ्यात?"

पलीकडे एक पाय आपटला. मग रागावलेला आवाज आला, "तू फटीतून बघितलंस!"

फटीत तर मीच फडकं कोंबलं होतं. पण केसांची लाल फीत सकाळपासून सापडत नव्हती, आणि हाती लागेल ते फितीत ओवून गळ्यात घालणाऱ्या माझ्या पोरीला मी ओळखते.

"सापडली," मी म्हटलं. "आता द्यायची."

"ठकी, सापडली की द्यावीच लागते," वकीलसाहेब म्हणाले. देव त्याचं भलं करो.

"नाही. आधी आईने सांगायचं." ठकीचं तोंड दाराला अगदी चिकटलेलं असणार, श्वास ऐकू येत होता. "तू कामाला जाणार?"

"असं का विचारतेस?"

"आजी म्हणाली. आई कामाला गेली की नाताळ संपला म्हणायचा. म्हणून मी तुला आत ठेवलं."

मी कपाळ दाराला टेकलं. राग कोणावर काढायचा? आपलेच दात आणि आपलेच ओठ. चार वर्षांच्या जिवाने नाताळ वाचवायला जे सुचलं ते केलं होतं. आणि मोठ्या माणसांनी तरी वेगळं काय केलं होतं? त्यांनी किल्ली फिरवली नव्हती एवढंच.

"नाही जाणार" म्हटलं की दार उघडणार होतं. एका शब्दाचं काम. साडेदहा झालेले, पायात चप्पल सरकवून पळाले असते तर वेळेत पोचले असते. खोटं बोलायला मी कधी मागेपुढे पाहिलं म्हणा! पांढऱ्या दाढीच्या बाबाबद्दल मी खोटं बोलते, संपलेल्या चॉकलेटांबद्दल बोलते, सासूबाईंच्या केकबद्दल तर दरवर्षी बोलते. शब्द अगदी ओठांवर आला होता.

पण हिने मला विचारलं होतं. सात वर्षांत ह्या घरात मला हा प्रश्न सरळ कोणी विचारलाच नव्हता. जाऊ नको म्हणाले, जा म्हणाले, बघू म्हणाले. तू जाणार का, असं फक्त हिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "जाणार. मला ते काम आवडतं. आणि रोज संध्याकाळी परत येणार."

"कशावरून?"

ठकीने भोकाड पसरलं आणि पळाली. किल्ली तिच्यासोबत गेली. मागोमाग वकीलसाहेबही समजूत काढायला गेले.

मग मी काय केलं? ओरडून झालं, थापा मारून झाल्या, एकदा खांद्याने धक्काही देऊन पाहिला. दार जुनं आणि लाकूड दणकट. पावणेअकरा झाले. मी झाडाशी खाली बसले. मेणबत्त्यांचं खोकं उघडं होतं. त्यातली एक लाल जाडजूड मेणबत्ती मी उचलली, उगीचच तिचा तुकडा मोडला, दोन्ही तळहातांत धरून मऊ केला आणि डोक्यातली पिन काढली.

खालची पहिली दाढ. पाच उंचवटे, तीन गालाकडे, दोन जिभेकडे. मध्ये खाच. मी ठरवून काही केलं नाही. बोटं आपणहून चालायला लागली. मेण कुठे काढायचं, कुठे ठेवायचं, अन्न अडकू नये म्हणून कड कुठे गोल करायची, सगळं बोटांना आठवत होतं. मी वर पाहिलं तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि माझ्या तळहातावर लालभडक दाढ होती. अशी लालच लाल दाढ जगात कोणाच्या तोंडात नसेल, पण होती झकास. मग मी रडले. हात शाबूत आहेत हे कळलं, आणि ते दाखवायची वेळ निघून गेली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

दाराखालचं फडकं हललं. एक छोटं बोट ते ढकलत होतं. मी फडकं ओढून काढलं. लाल फितीसकट किल्ली आत आली.

दार उघडलं तेव्हा ठकी जमिनीवर पालथी पडलेली, गाल ओले. तिला उचलून घेतलं. किल्लीसकट फीत परत तिच्या गळ्यात घातली, कारण तिने हात पुढे केला. मी लॅबला फोन केला. शिपाई म्हणाला, साहेब गेले, आता दोन तारखेला. एक बाई दहालाच येऊन दाढ करून गेल्या. त्यांना घेतलं का? ते साहेबांनाच माहीत.

मी फोन ठेवला आणि सासूबाई आल्या. हातात कपड्यांची पिशवी, कपाळावर घाम. "अगं, त्या शिंप्याने बटणंच लावली नव्हती. समोर बसून लावून घेतली." मग मला घरात बघून चेहरा खुलला. "गेली नाहीस? चला, बरंच झालं. खोली झाली का?"

बरंच झालं! त्या वाईट नाहीत. बटणं खरंच राहिली असतील. पण ते "बरंच झालं" मला लागलं. मी आत गेले, माझ्याच हाताने दार ओढून घेतलं आणि चमकी लावायला घेतली. चोवीस तारीख होती, झाड अर्धं उघडं होतं. दुसरं काय करणार?

संध्याकाळी सहाला सगळे दारापुढे जमलो. नवरा अंघोळ करून, नवा शर्ट घालून. दुपारी माझा न घेतलेला फोन बघून त्याने विचारलं होतं, "काय झालं होतं?" मी म्हटलं होतं, "अडकले होते." तो म्हणाला, "मग निघालीस ना?"

"चला, किल्ली लपवा," सासूबाई म्हणाल्या.

"ह्या वर्षीची किल्ली सापडून झाली," वकीलसाहेब म्हणाले. "ठकीने लपवली, आईने शोधली. मी साक्षीदार. आता आईचं मागणं."

सासूबाई हसल्या. "आईचं कसलं मागणं? मागणं पोरांचं असतं. आईसक्रीम, फुगे..."

"ज्याला सापडेल त्याचं, असा नियम आहे, आजी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खिशातून लाल दाढ काढली आणि टेबलावर केकशेजारी ठेवली. पोटातून आवाज काढावा लागला.

"दोन तारखेला सकाळी ही घेऊन मी लॅबच्या दारात उभी राहणार. त्यांनी ठेवून घेतलं तर रोज जाणार. नाही घेतलं तर दुसरी लॅब बघणार, तिथे नाही तर तिसरी. हे माझं मागणं."

नवऱ्याने दाढ उचलून उजेडात धरली, फिरवून पाहिली. "हे आज केलंस? आत बसून?" एवढंच म्हणाला आणि ती नीट जागेवर ठेवली.

"आणि पोरं?" सासूबाई म्हणाल्या. "आणि हे सगळं? का गं पण? कमी काय आहे तुला?"

"आजी, कारण विचारायचं नसतं," वकीलसाहेब हळूच म्हणाले.

"अरे, पण ही पद्धत..."

"पद्धत मीच काढली, आई," मी म्हटलं. "झोप हवी होती म्हणून. पहिल्या वर्षी मी आत झोपले होते."

सासूबाई केककडे बघत राहिल्या. त्या हो म्हणाल्या नाहीत. नाहीसुद्धा म्हणाल्या नाहीत, आणि "मी कोण अडवणारी" हे आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आलं नाही.

नुसतं ओढलेलं दार मी उघडलं. दिवे लागले. वकीलसाहेब भेटींकडे धावले. ठकी गेली नाही. माझ्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "खाली वाक."

मी वाकले. तिने स्वतःच्या गळ्यातली किल्ली काढून माझ्या गळ्यात बांधली. जीभ बाहेर काढून, एकावर एक गाठी मारत. चार, पाच, सहा. फीत आखूड पडत होती, किल्ली अगदी घशाशी आली.

"आता तुला संध्याकाळी परत यावंच लागेल," ती म्हणाली. "किल्ली तुझ्याकडे आहे. आम्हाला दार कोण उघडणार?"

मी गाठीला हात लावून पाहिला. गाठी सुटणाऱ्यातल्या नव्हत्या, कात्रीच लागली असती. बोलताना फीत गळ्याला जरा काचत होती.

"येईन," मी म्हटलं. "पण जाईन."

"माहितीये," ठकी म्हणाली, आणि झाड बघायला आत पळाली.